उजवा पुढचा

काटोल नाक्याच्या पुढे, गोरेवाड्याच्या अलीकडे
आमची दावण. अकरा घोडे, एक हातपंप,
आणि अडीच वर्षांची जांभळी,
जिच्या पाठीवर अजून खोगीर पडलेलं नाही.

सकाळी सहाला अय्यूबमामू येतात
लुनावर, मागे कानस आणि सुमतराशीची थैली बांधून.
त्यांच्या वडलांनी इतवारीतल्या टांग्यांच्या
घोड्यांना नाला ठोकल्या. टांगे गेले,
थैली तीच आहे.

आधी ते खुराला हात लावत नाहीत.
"चालवा," म्हणतात. डांबरावर.
मी डोळे मिटते, त्यांनीच शिकवलंय,
लंगडणं डोळ्याआधी कानाला कळतं.
टप, टप, टप,
आणि चौथा किंचित घाईत,
तापल्या फरशीवरून पाय उचलावा तसा.

मग वाकून एकेक पाय गुडघ्यांत धरतात.
डावा खूर परातीसारखा पसरट, टाच बसकी, पुतळी रुंद.
उजवा उभा, अरुंद,
पालथ्या पेल्यासारखा.
एकाच घोडीचे दोन पाय,
जणू दोन आयांचे.

"शिंगरू होती तेव्हा चरायची कशी?"

आठवतं मला.
पाय लांब, मान आखूड,
गवतापर्यंत तोंड पोचेना म्हणून
डावा पुढे टाकायची, उजवा मागे,
सगळा पावसाळा तशीच उभी.
आम्ही फोटो काढले. किती गोड, म्हणालो.
कोणी एकदाही तिला पाय बदलायला लावला नाही.

खुराच्या भिंतीवर आडव्या वळ्या.
मामू खालून वर अंगठा नेतात,
लाइटबिलावरचे आकडे वाचावेत तसा.
ही मे महिन्याची, शेहेचाळीस डिग्रीची.
ही चारा बदलला तेव्हाची.
आणि ही... पोळ्याच्या आसपास
ताप आला होता का हिला?
आला होता. तीन दिवस.
मी कोणाला सांगितलं नव्हतं.

धाकट्या देवतळ्यांना जानेवारीत उड्या हव्यात.
फोनवर म्हणतात, नाल ठोका, लेव्हल करा, सुरू करा.
मामू कानस खाली ठेवतात.
"काऊन घाई करून राह्यले बाप्पा?
टाच एकदम कापली तं वरची नस ताणते.
आज खूर सरळ दिसन,
उद्या पाय जाईन."
मग कानशीचे मोजून सहा हात.
खाली पडला तो भुसा
चिमटीत मावेल एवढा.
"बस. दर चार हप्त्यांनी एवढंच."

जिथे केस संपतात आणि खूर सुरू होतो
तिथे कानशीच्या कडेनं त्यांनी बारीक खूण केली.
ही खूण जमिनीला टेकेल
तेव्हा पुढचा आंबिया बहार उतरलेला असेल,
कळमन्यात संत्र्यांचे ढीग लागलेले असतील.
तोवर दोरावर गोल फिरवणं बंद, उड्या बंद.
सरळ रस्ता, कदम चाल,
आणि चारा विटांवर, उंच.

वर्षभर थांबा, हे देवतळ्यांना
कोणत्या वाक्यात सांगायचं?
घोडी उत्तम आहे, इथून सुरुवात करावी
की पाय वाईट आहे, इथून?

मामू गेल्यावर मी चपला काढून पाहिल्या.
उजवीची टाच एका बाजूनं झिजलेली.
सीताबर्डीच्या मोच्यानं दोनदा सांगितलं होतं,
ताई, तुम्ही तिरप्या पडता.
मी म्हटलं होतं, तुम्ही शिवा फक्त.

जांभळी विटांवरचा चारा सोडून
खाली सांडलेली काडी शोधते आहे.
डावा पुढे टाकते.
मी तिच्या खांद्याला खांदा लावते.
हलत नाही.
पुन्हा लावते.

फोन वाजतोय.